शेलार : एका आडनावाचा मागोवा
(द्वितीय वर्ष कला)

आपण एखाद्या नव्या माणसाची ओळख करून घेतो तेव्हा पहिला प्रश्न नावाचा असतो आणि दुसरा आडनावाचा. खरे तर पहिला प्रश्न दुसऱ्यासाठीच विचारलेला असतो. आडनाव कळले की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारचे समाधान दिसते, जणू आता समोरचा माणूस कोणत्या खणात ठेवायचा ते त्याला समजले. पण ज्या शब्दावर आपण एवढा भरवसा टाकतो तो शब्द आला कोठून, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

काही आडनावांना हा प्रश्न विचारावाच लागत नाही. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील ही आडनावे आपल्या वतनाची पाटी गळ्यात घालूनच फिरतात. सुतार, सोनार, लोहार यांचे कामच नावात आहे. वसईकर, पेणकर, चेंबूरकर यांनी तर आपला पत्ताच दिलेला आहे. अडचण येते ती कदम, साळुंखे, चव्हाण, शेलार अशा नावांची. आजच्या मराठीत हे शब्द उच्चारले तर माणसाखेरीज दुसरे काहीच डोळ्यांसमोर येत नाही. त्यांचा अर्थ शोधायचा तर मागे, फार मागे जावे लागते.

प्रस्तुत लेखात मी यांपैकी एकाच आडनावाचा विचार करणार आहे. ते माझे स्वतःचे आहे, हे निवडीचे एक कारण. दुसरे कारण असे की, या नावाचा शोध घेण्यासाठी मला दूर कोठे जावे लागले नाही. बोरिवली ते भांडुप एवढ्या टापूतच त्याचा बराचसा पुरावा दगडावर आणि तांब्यावर कोरून ठेवलेला आहे. ज्या उपनगरांना आपण ‘कालची वस्ती’ म्हणतो, तेथे हे सापडावे याचे मला फार नवल वाटले.

प्रथम शब्दाकडे पाहू. शेलार हे नाव ‘शिलाहार’ या राजवंशाच्या नावाशी जोडले जाते. केवळ ऐकायला जवळचे वाटतात म्हणून दोन शब्द जोडू नयेत, असे आमचे मराठीचे सर नेहमी बजावतात. आमच्या शेजारच्या एका आजोबांनी मला ‘शेले विणणारे ते शेलार’ अशी व्युत्पत्ती मोठ्या आत्मविश्वासाने सांगितली होती. ती ऐकायला गोड आहे, परंतु विणकरांना साळी, कोष्टी अशी त्यांची स्वतःची नावे असताना त्यांनी हे आणखी एक कशाला घ्यावे? शिलाहार आणि शेलार यांचा संबंध मात्र भाषेच्या नियमांना धरून आहे. संस्कृतातून मराठीत येताना शब्दाच्या पोटातले व्यंजन पुष्कळदा झिजते. कुंभकाराचा कुंभार होतो, लोहकाराचा लोहार होतो. तसाच ‘शिलाहार’मधला ‘ह’ झिजला की ‘शिलार’ उरतो. पुढे ‘बिल्व’चा ‘बेल’ आणि ‘सिंदूर’चा ‘शेंदूर’ व्हावा त्याप्रमाणे ‘शि’चा ‘शे’ होतो. याच रीतीने कदंबांचे कदम, चालुक्यांचे साळुंखे आणि यादवांचे जाधव झाले, असे मानतात.

हे शिलाहार कोण? इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकांपासून तेराव्या शतकापर्यंत कोकणावर आणि कोल्हापूरच्या बाजूला राज्य करणारे हे घराणे. त्यांच्या तीन शाखा होत्या. दक्षिण कोकणची शाखा आणि कोल्हापूरची शाखा यांच्याविषयी येथे विस्ताराने लिहीत नाही. पन्हाळगडाशी ज्याचे नाव निगडित आहे तो दुसरा भोज हा कोल्हापूर शाखेचा, एवढे सांगून पुढे जाते. आपल्या दृष्टीने महत्त्वाची ती उत्तर कोकणची शाखा. ठाणे, म्हणजे त्या काळचे श्रीस्थानक, हे तिचे मोठे नगर. आणि आपली सगळी उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत ते बेट म्हणजे त्यांच्या लेखांतील ‘षट्षष्टी’, सहासष्ट गावांचा प्रदेश. आपण ‘साष्टी’ म्हणतो तेव्हा नकळत त्यांच्याच दप्तरातला शब्द वापरत असतो.

या राजांचे अगदी आरंभीचे लेख कान्हेरीला आहेत. शनिवार-रविवारी आपण नॅशनल पार्कात जातो, काकडीला तिखटमीठ लावून खातो, माकडांपासून पिशव्या सांभाळतो आणि परत येतो. त्याच लेण्यांत शके ७६५, म्हणजे इ. स. ८४३ चा एक लेख आहे. त्यात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याचा मांडलिक म्हणून पुल्लशक्ती या शिलाहार राजाचा उल्लेख आहे. त्याचा मुलगा दुसरा कपर्दी. त्याच्या काळचा शके ७९९, म्हणजे इ. स. ८७७ च्या सुमाराचा लेखही तेथेच आहे. हे लेख राजाच्या पराक्रमाचे नाहीत. विहाराची डागडुजी, भिक्षूंची वस्त्रे, ध्यानासाठी खोल्या अशा साध्या गोष्टींसाठी दिलेल्या दानांच्या त्या नोंदी आहेत. गौड देशाहून, म्हणजे बंगालच्या बाजूने आलेल्या अविघ्नाकर नावाच्या एका उपासकाने १०० द्रम्म ठेव म्हणून दिल्याची नोंद आहे. राजे शिवभक्त, दान बौद्धांना आणि दाता परप्रांतीय! आजच्या लोकल गाडीतल्या वादविवादांना हा लेख ऐकवावा असे वाटल्यावाचून राहत नाही. असो.

आता पूर्वेकडे, मध्य रेल्वेच्या बाजूस वळू. भांडुपला एक ताम्रपट सापडला. तो शिलाहार राजा छित्तराज याचा, शके ९४८ चा, म्हणजे इ. स. १०२६ चा. षट्षष्टीतील ‘नौर’ गावचे एक शेत एका ब्राह्मणाला दान दिल्याचा हा दस्तऐवज आहे. हे नौर म्हणजे आजचे नाहूर, असे मानले जाते. भांडुप आणि मुलुंड यांच्यामध्ये जे स्टेशन लागते तेच नाहूर. जमिनीच्या चार बाजूंना काय आहे ते त्या ताम्रपटात बारकाईने नोंदवलेले आहे. आपल्याकडे खोलीच्या व्यवहारात ‘चतुःसीमा’ लिहितात, तोच प्रकार. छित्तराजाचा भाऊ मुम्मुणी ऊर्फ माम्वाणी. अंबरनाथच्या प्रसिद्ध शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा लेख आहे तो त्याच्या राजवटीतला.

या घराण्यात केवळ लढणारेच राजे होते असे नाही. अपरादित्य या राजाच्या नावावर याज्ञवल्क्य स्मृतीवरील मोठी टीका आहे. ‘अपरार्क’ या नावाने ती ओळखली जाते आणि पुढे काश्मीरच्या पंडितांनी ती प्रमाण मानली. त्याने आपला तेजकंठ नावाचा पंडित दूत म्हणून काश्मीरला पाठवला होता, आणि मंखाच्या ‘श्रीकंठचरित’ या काव्यात त्याची नोंद झाली आहे. बाराव्या शतकात ठाण्याचा माणूस काश्मीरच्या विद्वत्सभेत बसला होता, हे वाचून आमच्या वर्गातल्या ठाण्याच्या मुली दोन दिवस ताठ मानेने फिरत होत्या.

शेवट पुन्हा बोरिवलीतच आहे. एकसर हे नाव २०२२ सालापासून मेट्रोच्या स्टेशनावर झळकते आहे, म्हणून आता ते सर्वांना ठाऊक झाले. पण एकसर गावाची खरी ओळख म्हणजे तेथील वीरगळ. लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव शिळेला वीरगळ म्हणतात. महाराष्ट्रात वीरगळ गावोगाव आहेत. बहुतेकांवर गाईगुरांसाठी झालेली चकमक, घोडेस्वार, ढालतलवारी असतात. एकसरच्या काही शिळांवर मात्र जहाजे आहेत. उंच निमुळत्या नाळेची, वल्ह्यांच्या रांगा असलेली, चाल करून जाणारी जहाजे. वरच्या पट्ट्यांत मेलेल्या वीरांना अप्सरा नेत आहेत आणि सर्वांत वर शिवपूजा चालली आहे. समुद्रावरील युद्धाचे इतके तपशीलवार शिल्प आपल्याकडे फार दुर्मिळ आहे.

या शिळांवर लेख नाही, त्यामुळे त्या कोणत्या युद्धाच्या याविषयी मतभेद आहेत. परंतु पुष्कळ अभ्यासक त्यांचा संबंध उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याच्याशी जोडतात. देवगिरीचा यादव राजा महादेव याने इ. स. १२६५ च्या सुमारास कोकणावर स्वारी केली. जमिनीवर हरल्यावर सोमेश्वर जहाजांतून समुद्रात गेला आणि तेथेच त्याचा अंत झाला. यादवांचा मंत्री हेमाद्री याने आपल्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’ ग्रंथातील राजप्रशस्तीत या प्रसंगाचा थोडा कुत्सितपणे उल्लेख केला आहे : महादेवाच्या क्रोधापेक्षा समुद्राच्या पोटातला वडवानल सोमेश्वराला बरा वाटला, असा त्याचा आशय आहे. जिंकणाऱ्याच्या पदरी असलेल्या पंडिताने लिहिलेला इतिहास असाच असायचा. सोमेश्वराचे रानवड आणि चांजे येथील शिलालेख अनुक्रमे १२५९ आणि १२६० चे आहेत. ही दोन्ही गावे उरणच्या बाजूची. त्यानंतर उत्तर कोकणात या घराण्याचे राज्य संपले.

म्हणजे कान्हेरीच्या डोंगरावर ज्या घराण्याचे आरंभीचे लेख आहेत, त्याच घराण्याचा अंत कदाचित तीनचार कोसांवरच्या एकसरच्या शिळांवर कोरलेला आहे.

आता माझ्या घरातील एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण या लेखाला निमित्त तीच झाली. माझे काका गेली काही वर्षे आडनाव बदलण्याच्या मागे लागले आहेत. कोणीतरी त्यांना सांगितले की ‘शेलार’ हा अपभ्रंश आहे, मूळ शब्द ‘शिलाहार’. तेव्हापासून त्यांचा आग्रह असा की, सगळ्या भावांनी मिळून राजपत्रात जाहिरात द्यावी आणि घराण्याचे नाव ‘शुद्ध’ करून घ्यावे. माझ्या चुलत भावाच्या लग्नपत्रिकेवर त्यांनी तसे छापूनही घेतले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील सातवीपर्यंत शिकले व रिक्षा चालवतात. त्यामुळे ‘तू कॉलेजात जातेस ना, मग पुस्तकात काय आहे ते शोधून काढ’ अशी आज्ञा मला झाली.

मी शोधले, आणि जे सापडले ते काकांना फारसे रुचले नाही.

पहिली गोष्ट अपभ्रंशाची. शिलाहारांच्या स्वतःच्या लेखांत त्यांचे नाव एकाच रीतीने लिहिलेले नाही. शिलाहार, शैलाहार, शिलार, सिलार, श्रीलार अशी नाना रूपे आढळतात. डॉ. रा. गो. भांडारकरांनी दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील आपल्या ग्रंथात तर असे नोंदवले आहे की, एकाच दानपत्रात तीन वेगवेगळी रूपे आहेत. याचा अर्थ असा की हजार वर्षांपूर्वीही ‘शिलार’ हे रूप राजाच्या दरबारात चालत होते. राजाच्या लेखनिकाला ज्यात अशुद्ध असे काही वाटले नाही, ते आपण शुद्ध करायचे!

त्याहूनही पुढची गोष्ट अशी की, ‘शिलाहार’ हे रूपच नंतर सजवलेले असावे, असे मत आहे. शिला म्हणजे खडक आणि आहार म्हणजे भक्ष्य. या अर्थाला आधार म्हणून जीमूतवाहनाची कथा सांगितली जाते. गरुडाला रोज एक नाग भक्ष्य म्हणून द्यावा लागे. एके दिवशी शंखचूड नागाची पाळी आली, तेव्हा विद्याधरांचा राजपुत्र जीमूतवाहन त्याच्या जागी स्वतः वधशिलेवर जाऊन बसला. हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकाचा विषयही हाच. शिलाहार राजे आपण जीमूतवाहनाच्या वंशातले असे सांगत आणि त्यांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड असे. कथा उदात्त आहे यात शंका नाही. पण आधी नाव आणि मग त्याला साजेशी कथा, असाच क्रम बहुधा असतो. लोकांच्या तोंडी असलेल्या ‘शिलार’ला पंडितांनी संस्कृत वस्त्रे नेसवली आणि त्याचा ‘शिलाहार’ झाला, असे मानायला जागा आहे. तसे असेल तर वडिलांच्या रिक्षाच्या परवान्यावरचे रूपच मुळाला अधिक जवळचे, आणि पत्रिकेवर छापलेले रूप म्हणजे राजाश्रयाने आलेला थाट!

शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत, म्हणजे तगर नगराचे स्वामी. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. कोकणात चारशे वर्षे राज्य करूनही त्यांनी मूळ गावाचे नाव सोडले नाही. आमच्या चाळीतही चाळीस वर्षे मुंबईत काढलेले लोक ‘गाव कोणतं?’ म्हटले की बोरिवली सांगत नाहीत. राजे काय, चाकरमाने काय, या बाबतीत फरक दिसत नाही.

दुसरी गोष्ट रक्ताची, आणि ती अधिक अवघड. शब्द शिलाहारांचा आहे, हे मानले तरी माणसे त्यांच्या रक्ताची आहेत असे त्यावरून सिद्ध होत नाही. सोमेश्वर गेला तो १२६५ च्या सुमारास. आमच्या घराण्याचा सर्वांत जुना कागद म्हणजे आजोबांचा सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळेचा दाखला, १९५० च्या आसपासचा. मधली जवळजवळ सातशे वर्षे कोरी आहेत. या सातशे वर्षांत राजाचे नाव वंशजांकडे गेले असेल, तसेच ते त्याच्या शिपायांकडे, त्याच्या गावातल्या कुळांकडे, चाकरांकडेही गेले असेल. आमच्या वर्गात तीन जाधव आहेत आणि तिघांच्या जाती तीन आहेत. मोरे, पवार, गायकवाड यांचेही तेच. देवगिरीच्या यादवांचे वंशज यांतले कोण, हे हजेरीपट कसे ठरवणार? शहाण्णव कुळांच्या निरनिराळ्या याद्या आहेत, पण त्याही एकमेकींशी जुळत नाहीत. काकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘मग तू शिकून उपयोग काय?’ मला वाटते, उपयोग हाच.

आणखी एक विचार करण्यासारखा आहे. आपण आडनाव हे अनादि काळापासून चालत आलेले समजतो. वस्तुतः प्रत्येक माणसाला एकच, न बदलणारे आडनाव असलेच पाहिजे, ही सक्ती बहुतांशी इंग्रजी अमदानीतील शाळा, कचेऱ्या आणि पगारपत्रके यांनी आणली. त्यापूर्वी एकच माणूस वतनाच्या कागदात पाटील, दुसऱ्या गावी गेला की ‘अमुककर’ आणि भावकीत आणखी काही असू शके. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत लागले तेव्हा मुकादमाने नाव विचारले. त्यांनी स्वतःचे आणि वडिलांचे नाव सांगितले. तिसरा रकाना रिकामा राहिला म्हणून शाळेचा दाखला पाहून तो भरला गेला. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली आणि घर बोरिवलीला आले, पण त्या रकान्यातला शब्द मात्र शिधापत्रिकेपासून आधार कार्डापर्यंत सर्वत्र कायम झाला.

समाजशास्त्राच्या तासाला आम्हांला पश्चिम आफ्रिकेतील अकान लोकांची माहिती मिळाली. घाना आणि आयव्हरी कोस्ट या देशांत त्यांची वस्ती आहे. त्यांच्यात मुलाला जन्मवारावरून नाव मिळते. शुक्रवारी जन्मलेला कोफी, शनिवारी जन्मलेला क्वामे. मुलगी असेल तर अफुआ आणि अमा. घानाचे पहिले अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा आणि संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांची नावे अशीच पडलेली. दुसरे नाव बाप निवडतो, बहुधा एखाद्या आदरणीय वडीलधाऱ्याचे. त्यामुळे जुन्या रीतीने सख्ख्या भावंडांचीही ही नावे वेगवेगळी असू शकत. बापाचेच नाव साऱ्या मुलांनी लावायचे ही पद्धत तेथेही मिशनऱ्यांच्या शाळा आणि सरकारी नोंदी यांच्याबरोबर रुजली. म्हणजे रकान्याचे राज्य तिकडेही पोचले होते. पण या लोकांची जी गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली ती निराळीच आहे. मूल ज्या कुळाचे असते ते कुळ आईचे. वारसाही परंपरेने त्याच बाजूने, मामाकडून भाच्याकडे जात असे.

मामा म्हटले की माझ्या मैत्रिणींना एकच नाव आठवते आणि त्यांनी मला गेली दोन वर्षे त्याच नावाने हाक मारली आहे : शेलारमामा! ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे सिंहगडावर पडले, तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्या मामांनी उदेभानाला मारले, असे पोवाडा सांगतो. मराठी माणसाला शेलार हे आडनाव माहीत आहे ते शिलाहारांमुळे नव्हे, या मामांमुळे. पण मामा म्हणजे कोण? आईचा भाऊ. तेव्हा शेलार हे तानाजींच्या आईचे माहेरचे आडनाव ठरते. तानाजींना आपण मालुसरे म्हणतो, तेच योग्य. मात्र त्यांच्या आईचे आडनाव लोकांच्या तोंडी राहिले ते तिच्या भावाने तलवार हाती घेतली म्हणून. ती स्वतः या कथेत कोठेच दिसत नाही.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार, बाळाच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम लावायचा आहे. आईचे नाव आले, हे चांगलेच झाले. आडनाव मात्र पूर्वीप्रमाणे एकच, आणि ते बहुधा बापाकडचे.

हा लेख लिहिताना मी काकांसाठी शेलार घराण्याची वंशावळ वहीत मांडू लागले. खापरपणजोबांपर्यंत पुरुषांची नावे आत्याने धडाधड सांगितली. मग मी वहीच्या दुसऱ्या पानावर माझ्या घरातल्या बायकांची माहेरची आडनावे लिहायला घेतली. आई साळुंखे. आजी कदम. म्हणजे शेलारांच्या घरात चालुक्य आणि कदंब हे दोघेही आलेले आहेत, आणि भाकऱ्या थापून गेले आहेत. पणजीचे आडनाव आजीला थोडा वेळ आठवेना. मग तिने पणजीच्या भावाचे, म्हणजे आजोबांच्या मामाचे नाव घेतले आणि त्यावरून ‘मोरे’ असे सांगितले. पणजीच्या आईला भाऊ नव्हता. तिच्या नावापुढची जागा मी वहीत मोकळी सोडली आहे.